वळणावरची पकड: आधी रबर बघा, रुंदी नंतर

छोटी गाडी कारखान्यातून निघते तेव्हा तिच्यावर बसवलेले टायर वाईट नसतात. फक्त ते वळणं डोळ्यासमोर ठेवून निवडलेले नसतात. गाडी बनवणारी कंपनी टायर कंपनीपुढे मागण्यांची भलीमोठी यादी ठेवते. इंधन कमी लागायला हवं, आत आवाज येता कामा नये, खड्ड्याचा दणका पाठीला जाणवू नये, टायर लवकर झिजला अशी तक्रार येऊ नये, वजन कमी हवं आणि किंमत त्याहून कमी. वळणावरची पकडही त्या यादीत असते, पण 'निदान एवढी तरी हवी' अशा स्वरूपात, खालच्या अंगाला. ज्याला फक्त घर ते ऑफिस करायचं आहे त्याचं यात काही अडत नाही. ज्याला वळणावळणाच्या रस्त्यावर गाडी चालवण्यात मजा येते, किंवा पावसात वळताना गाडी बाहेरच्या बाजूला सरकल्यासारखी वाटून ज्याच्या पोटात गोळा आलाय, त्याचं मात्र अडतं.

इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन या सगळ्यांचं काम शेवटी चार टायरांमधूनच रस्त्यापर्यंत पोचतं. त्यामुळे गाडीचा स्वभाव बदलायचा तर टायर ही पहिली जागा, हे बरोबरच आहे. पण विषय निघाला की बोलणं लगेच रुंदीवर घसरतं. 'दहा-वीस मिलिमीटर रुंद टाका, गाडी रस्त्याला चिकटून चालेल.' हे अर्धंच खरं आहे, आणि तेही लोक समजतात त्या कारणाने नाही. विकणाऱ्याचा तरी काय दोष? रुंदी डोळ्यांना दिसते, रबराचं मिश्रण दिसत नाही.

मुळात मिळणार किती?

५० मीटर त्रिज्येचं एक सपाट वळण घ्या. साध्या टायरवरची छोटी गाडी कोरड्या डांबरावर ढोबळमानाने ०.८ जी इतका बाजूचा जोर पेलते असं धरू. म्हणजे गाडीच्या वजनाच्या ८० टक्के एवढा जोर टायर आडव्या दिशेने देऊ शकतात. या हिशेबाने त्या वळणावरची मर्यादा येते ताशी ७१ किलोमीटर. आता दहा टक्के जास्त पकड देणारे टायर बसवले, तर मर्यादा जाते ताशी ७५ किलोमीटरवर. फक्त चार किलोमीटर! वळणावर लागणारा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणून दहा टक्के पकड म्हणजे जेमतेम पाच टक्के वेग.

एवढ्यासाठी कशाला खटाटोप, असं वाटेल. पण हाच हिशेब दुसऱ्या बाजूने करून पाहा. तुम्ही त्याच वळणात ताशी ६५ ने आहात आणि समोर काहीतरी आडवं आलं. नुसतं वळत राहायलाच ०.६६ जी खर्च होतोय. ब्रेकसाठी काय उरतं? टायर वळण्याचा आणि ब्रेकचा जोर वेगवेगळ्या खिशांतून देत नाही. दोन्ही जोर काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंप्रमाणे एकत्र येतात आणि कर्ण टायरच्या एकूण क्षमतेपेक्षा मोठा होऊ शकत नाही. त्रिकोण सोडवला की जुन्या टायरांवर ब्रेकसाठी उरतात सुमारे ०.४५ जी, नव्यांवर ०.५८. पकड वाढली दहा टक्के आणि वळणात ब्रेक मारायची शिल्लक वाढली जवळजवळ तीस टक्के. चांगल्या टायरांचा पैसा इथे वसूल होतो. रोजच्या रस्त्यावर ते चार किलोमीटर कोणी मागितलेलेच नसतात.

रबर रस्त्याला धरतं कसं

डांबरी रस्ता जवळून पाहिला तर तो खडीच्या बारीकबारीक टोकांचा बनलेला असतो. टायरचं रबर या टोकांवर दाबलं जातं, त्यांच्याभोवती पसरतं आणि पुढे सरकताना पुन्हा मूळ आकारात यायला बघतं. ते लगेच येत नाही, किंचित उशीर लावतं. या उशिरामुळे टोकाच्या एका अंगाला रबराचा दाब जास्त आणि दुसऱ्या अंगाला कमी पडतो. दोन्हींतला फरक म्हणजे घसरण्याला होणारा विरोध. याच्या जोडीला रबर आणि रस्ता यांच्यात अगदी रेणूंच्या पातळीवरचं चिकटणंही असतं. ते कोरड्या, स्वच्छ रस्त्यावर चांगलं काम करतं आणि पाणी किंवा धूळ मध्ये आली की कमी होतं.

रबर जितकं 'आळशी', तितकी पकड जास्त. पण या आळसात ऊर्जा खर्च होते आणि टायर तापतो. नुसतं सरळ जातानाही प्रत्येक फेरीला टायर जमिनीशी चपटा होतो आणि पुन्हा गोल होतो. तिथेही आळशी रबर ऊर्जा खातं, म्हणजे इंधन खातं. मूळ टायरांनी पकडीचा हात आखडता का घेतलेला असतो, त्याचं उत्तर इथे आहे.

ही ओढाताण पूर्वी फार कडक होती. हल्ली तितकी नाही. चाक फिरताना टायर चपटा होण्याची क्रिया सेकंदाला आठ-दहा-चौदा वेळा घडते. खडीच्या बारीक टोकांवरून रबर घसरतं तेव्हा मात्र ते सेकंदाला हजारो, लाखो वेळा दाबलं जातं. म्हणजे संथ लयीत चपळ आणि जलद लयीत आळशी असं रबर बनवता आलं, तर इंधनही वाचेल आणि पकडही मिळेल. रबरात मिसळायच्या काजळीची जागा बऱ्याच प्रमाणात सिलिकाने, म्हणजे वाळूत असतो त्या पदार्थाने, घेतली तेव्हा हे जमू लागलं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मिशेलिनने असे टायर बाजारात आणले आणि आज चांगल्या टायरांत सिलिका सर्रास असते. त्यामुळे 'पकडीचा टायर म्हणजे मायलेज गेलं' हे आता सरसकट खरं नाही. थोडं जातं, पण किती ते टायरवर अवलंबून.

मिश्रणाइतकंच महत्त्व नक्षीला आहे. खोल आणि सुट्ट्या तुकड्यांची नक्षी म्हणजे उभा धरलेला लांब खोडरबर. बाजूने ढकलला की आधी वाकतो, मग घासतो. तोच खोडरबर झिजून बुटका झाला की वाकत नाही. म्हणून खेळासाठीच्या टायरांत बाहेरच्या कडेचे ठोकळे मोठे आणि एकमेकांना जोडलेले असतात, चिरा कमी असतात आणि पाणी काढायच्या मोठ्या खाचा आतल्या बाजूला सरकवलेल्या असतात. अशा टायरची एक बाजू बाहेर आणि दुसरी आत ठरलेली असते, तसं साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, छापलेलंही असतं. तरी उलटे बसवलेले टायर दिसतात! गाडी ताब्यात घेताना चारही चाकांभोवती एक फेरी मारून हे बघून घ्या.

चाक एकीकडे, गाडी दुसरीकडे

स्टिअरिंग फिरवलं की चाक वळतं, पण जमिनीला टेकलेलं रबर जागीच धरून बसायला बघतं. मधली साइडवॉल पिळली जाते. परिणामी चाक ज्या दिशेला तोंड करून असतं, त्या दिशेला गाडी अगदी नेमकी जात नाही, किंचित बाहेरून जाते. या दोन दिशांमधल्या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. नावात स्लिप असलं तरी हे घसरणं नव्हे. हा कोन असल्याशिवाय टायर बाजूचा जोर देऊच शकत नाही. कोन वाढतो तसा जोर वाढतो, साध्या रस्त्यावरच्या टायरांत सहा ते दहा अंशांच्या आसपास तो कळसाला पोचतो आणि तिथून पुढे उतरू लागतो. उतरणीला लागलं की स्टिअरिंग आणखी फिरवूनही गाडी जास्त वळत नाही.

यातून दोन वेगळ्या गोष्टी निघतात आणि लोक त्या हमखास एक समजतात. एक म्हणजे चटकन प्रतिसाद मिळणं, दुसरी म्हणजे एकूण पकड. बुटकी, ताठ साइडवॉल असलेला टायर हात फिरवताच गाडी वळवतो, त्यामुळे दुकानाबाहेर पडल्याच्या पहिल्याच चौकात 'काय मस्त ग्रिप आहे' असं वाटतं. प्रत्यक्षात वाढलेला असतो तो प्रतिसाद. कळस किती उंच, हे मुख्यतः रबर ठरवतं. ताठ साइडवॉल आणि कडक, टिकाऊ रबर अशी जोडी असेल तर गाडी वळणात झटकन शिरते आणि तितक्याच झटकन सुटते. उंच साइडवॉलचा टायर आधी कुरकुरतो, किंचाळतो, स्टिअरिंग हलकं करून इशारा देतो. रस्त्यावर चालवणाऱ्याला हा इशारा फार मोलाचा, आणि कुठल्याही माहितीपत्रकात त्याचा आकडा नसतो.

मग रुंदीचं काय?

गाडी वळते तेव्हा वजन बाहेरच्या चाकांवर झुकतं. समजा १००० किलोची, पुढच्या चाकांवर चालणारी छोटी गाडी आहे आणि त्यातले ६०० किलो पुढे आहेत. सरळ जाताना पुढच्या दोन्ही टायरांवर ३००-३०० किलो. जोराच्या वळणात हेच ४५० आणि १५० होऊ शकतं. रबराची खोड अशी की भार दीडपट झाला म्हणून पकड दीडपट होत नाही, थोडी कमीच भरते. आतल्या टायरने जेवढं गमावलं तेवढं बाहेरचा भरून देत नाही आणि जोडीची एकूण पकड घटते. त्यात छोट्या गाडीत हीच पुढची जोडी वळवते, ओढते आणि ब्रेकचा मोठा वाटाही उचलते. म्हणून मर्यादेजवळ अशा गाड्या वळायच्या सोडून सरळ जायला बघतात. यालाच अंडरस्टिअर म्हणतात.

आता टायर रुंद केला की जमिनीला जास्त रबर टेकतं, ही समजूत. टायरमधली हवा गाडी उचलून धरते. २५० किलो भार असेल आणि हवा ३२ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो, तर जमिनीवरचा ठसा अंदाजे ११० चौरस सेंटिमीटर येणार. साइडवॉलच्या ताठपणामुळे थोडं इकडेतिकडे होईल, पण टायर १७५ मिलिमीटर रुंद असो वा १९५, भार आणि हवा तीच तर ठशाचं क्षेत्रफळ जवळपास तेच. बदलतो तो आकार. अरुंद टायरचा ठसा लांबट, रुंद टायरचा आखूड आणि पसरट.

फायदा या आकारातून येतो. लांबट ठशात रबर पुढच्या कडेने शिरतं आणि मागच्या कडेपर्यंत जाता जाता बाजूला जास्त जास्त ओढलं जातं, त्यामुळे मागचा भाग लवकर घसरू लागतो. आखूड ठशात हे ओढलं जाणं कमी, टायर आडव्या दिशेने ताठ, आणि उष्णता जास्त रुंदीवर वाटली गेल्याने मऊ रबर वापरायला वाव. म्हणजे फायदा खरा आहे, पण १८५ चा १९५ केल्याने जो मिळतो तो माफक. साध्या रबरावरून चांगल्या रबरावर गेल्याने बहुतेक वेळा त्याहून जास्त मिळतं.

शिवाय रुंद टायरची एक मागणी असते: त्याला रस्त्यावर सपाट बसवा. छोट्या गाड्यांचं पुढचं सस्पेन्शन बहुधा मॅकफर्सन स्ट्रट प्रकारचं असतं. त्यात बॉडी वळणात झुकली की बाहेरचं चाकही बाहेर कलतं आणि टायर बाहेरच्या खांद्यावर चालू लागतो. अशा गाडीला रुंद टायर दिला तर त्याची आतली कड नुसती सोबतीला येते. आणि गंमत म्हणजे पकड वाढली की गाडी आधीपेक्षा जास्त झुकते, कारण बाजूचा जोर वाढलेला असतो. नवे टायर टाकल्यावर 'गाडी जास्त कलतेय' असं वाटलं तर सस्पेन्शन बिघडलंय असं समजू नका.

माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या फेरीत मूळ मापातच चांगला टायर घ्या. रिम, म्हणजे टायर ज्यावर बसतो ते धातूचं चाक, तेच, स्पीडोमीटर बरोबर, कुठे काही घासण्याची भीती नाही. त्यावर हजारभर किलोमीटर चालवा आणि मग ठरवा आणखी काही हवंय का. अडचण एकच, आणि ती खरी आहे: १४ इंची छोट्या मापांत बहुतेक टायर काटकसरीसाठीच बनवलेले असतात. खेळकर रबर १५ आणि १६ इंचांपासून मुबलक मिळू लागतं. मोठं रिम घेण्याचं सगळ्यात पटणारं कारण हे आहे. मोठ्या रिमने स्वतः पकड येत नाही, पण चांगल्या रबराची निवड करायला मिळते.

छापलेल्या आकड्यांवर किती विसंबायचं

अमेरिकी बाजारासाठीच्या टायरांवर ट्रेडवेअरचा आकडा असतो. १०० हे प्रमाण धरून टायर किती टिकेल याचा तो अंदाज. २०० चा टायर सहसा मऊ आणि चिकट, ५०० चा कडक आणि टिकाऊ. पण हा आकडा टायर बनवणारी कंपनीच जाहीर करते, त्यामुळे एका कंपनीचा ३०० आणि दुसऱ्या कंपनीचा ३०० शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नका. एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायला तो बरा. शेजारी ट्रॅक्शनचं अक्षर असतं, दुहेरी ए पासून सी पर्यंत. ते ओल्या पृष्ठभागावर सरळ रेषेतल्या ब्रेकचं आहे, वळणाचं नव्हे.

युरोपच्या लेबलावर ओल्या रस्त्यावरच्या पकडीला ए ते ई अशी श्रेणी असते. तीही ब्रेकचीच परीक्षा आहे. तरी ती मला जास्त उपयोगी वाटते, कारण ओल्यात चांगलं थांबणारं रबर वळणातही सहसा लाज आणत नाही. इंधनाच्या रकान्यात वरची श्रेणी आणि ओल्या पकडीत खालची, असा टायर दिसला तर तो आपल्या कामाचा नाही. आणि हवामान कडक थंडीचं असेल तर उन्हाळी टायर घेताना जपून. तापमान सातेक अंशांखाली गेलं की त्यांचं रबर ताठरतं आणि पकड जाते.

माप बदलायचंच असेल तर

१८५/६५ आर १५ ८८ एच हे माप घेऊ. १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के, १२०.२५ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, टायरच्या आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे असलेला. १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात, ३८१ मिलिमीटर. दोन साइडवॉल अधिक रिम मिळून टायरचा पूर्ण व्यास ६२१.५ मिलिमीटर. ८८ हा लोड इंडेक्स, म्हणजे टायरमागे ५६० किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत चालण्याची क्षमता.

आता १६ इंची रिम घालायचं ठरवलं तर १९५/५५ आर १६ चा व्यास निघतो ६२०.९ मिलिमीटर. फरक एका मिलिमीटरपेक्षा कमी. पण इथे एक गोम आहे. या मापाच्या टायरवर ८७ हा लोड इंडेक्स सर्रास दिसतो. म्हणजे ५४५ किलो, मूळ टायरपेक्षा दर चाकामागे १५ किलो कमी. लोड इंडेक्स मूळ आकड्याच्या खाली जाऊ द्यायचा नाही. याच मापात 'एक्सएल' म्हणजे जास्त भाराचे टायरही बनतात, ते बघा. व्यास जुळला, काम झालं, असं इथे चालत नाही.

रिम तेच ठेवून १९५/६५ आर १५ टाकला तर व्यास होतो ६३४.५, दोन टक्क्यांनी जास्त. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी मूळ टायरांपेक्षा दोन टक्के जास्त वेगाने जात असेल. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नसतं. मूळ स्पीडोमीटर सहसा थोडं चढंच दाखवतं म्हणून एवढं खपून जाईल, पण व्यासाचा फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवण्याचा संकेत पाळलेला बरा. काही ठिकाणी मूळ मापापासून दूर जाण्यावर कायद्याचे आणि विम्याचे निर्बंध असतात, ते आधी पाहून घ्या.

रिमची रुंदी लोक विसरतात. १८५/६५ आर १५ हा टायर ५ ते ६.५ इंच रुंदीच्या रिमवर बसतो, साडेपाच हे त्याचं नेहमीचं माप. २०५/६० आर १५ ला किमान साडेपाच लागतं. म्हणजे साडेपाचच्या रिमवर २०५ बसेल, पण अगदी कडेवर. साइडवॉल फुग्यासारखी बाहेर येईल, वळणात डुलेल आणि स्टिअरिंग आधीपेक्षा बोथट होईल. रुंद टायर घेऊन प्रतिसाद घालवण्याचा हा खात्रीचा मार्ग.

नवं अलॉय, म्हणजे मिश्रधातूचं चाक, घेताना बोल्टच्या वर्तुळाचं माप आणि मधलं भोक तर जुळलंच पाहिजे, ऑफसेटही बघा, म्हणजे चाक गाडीला टेकतं ती सपाटी चाकाच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे. ऑफसेट ४५ वरून ३८ झाला तर चाक सात मिलिमीटर बाहेर येतं. दिसायला छान, पण ब्रेक मारताना आणि खड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटके देऊ लागतं आणि पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या अस्तराला घासू शकतो. वजनही विचारा. स्वस्त मोठं अलॉय मूळ लोखंडी चाकापेक्षा जड निघू शकतं, आणि जड चाक खडबडीत वळणावर उड्या मारतं. उडालेल्या चाकाला कसली पकड!

पाण्यात

रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, कारण त्याच्यासमोर जास्त पाणी बाजूला सारायचं काम असतं. हवेच्या दाबाचाही यात मोठा वाटा आहे. नासाच्या हॉर्न आणि ड्रेहर यांच्या १९६३ च्या अहवालातलं सूत्र विमानांच्या टायरांसाठी केलेलं आहे, पण अंदाजाला ते आजही वापरतात. पीएसआयमधल्या दाबाचं वर्गमूळ गुणिले नऊ, म्हणजे टायर पूर्ण तरंगू लागण्याचा वेग, नॉट्समध्ये (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर). ३२ पीएसआयला तो येतो ताशी सुमारे ९४ किलोमीटर. हवा २४ वर आली असेल तर ८२. झिजून गुळगुळीत झालेल्या टायरला आणि साचलेल्या पाण्याला हे लागू पडतं. चांगल्या खाचा हा आकडा वर नेतात. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते, अनेक देशांत कायद्याची किमान मर्यादा १.६ आहे. कोरड्यात झिजलेला टायर चक्क जास्त ताठ आणि चांगला वाटतो, वर सांगितलेल्या बुटक्या खोडरबरामुळे. पाऊस आला की तोच दगा देतो. पावसात गाडी चालवणार असाल तर तीन मिलिमीटरवर बदलायचा विचार सुरू करा.

हवा आणि खडू

बदललेल्या टायरला कितीची हवा, हा प्रश्न दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरपासून सुरू करायचा. साइडवॉलवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, शिफारस नव्हे. हवा थंड टायरमध्येच मोजायची. तापमान दहा अंशांनी बदललं की साधारण दीड पीएसआयचा फरक पडतो.

पुढे बारीक जुळवणी करायची असेल तर शर्यतींतली हौशी मंडळी एक स्वस्त युक्ती वापरतात. टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून साइडवॉल सुरू होते तिथे, खडूने तीन ठिकाणी आडव्या जाड रेघा ओढायच्या. रहदारी नसलेल्या, परवानगीच्या मोकळ्या जागेत काही जोरदार वळणं घ्यायची आणि उतरून बघायचं. खडू जिथपर्यंत पुसला गेला तिथपर्यंत टायर कलला होता. बऱ्याच टायरांच्या खांद्याजवळ एक छोटा त्रिकोण असतो. त्याचं खरं काम खाचेतली झीज-पट्टी (नक्षी तिच्या पातळीला झिजली की टायर बदलायचा) कुठे आहे ते दाखवणं, पण ही मंडळी त्यालाच खूण मानतात. खडू त्रिकोणाच्या खालीपर्यंत पुसला गेला तर हवा कमी आहे, साइडवॉल जमिनीला घासतेय. त्रिकोणाच्या बरीच वर रेघ शाबूत राहिली तर हवा जास्त आहे आणि कडेचं रबर वापरलंच जात नाहीये. दोन-दोन पीएसआयने बदल करायचा. पुढच्या चाकांना मूळ आकड्यापेक्षा थोडी जास्त हवा लागेल असं बहुधा दिसेल.

चारही एकदम

पैसे वाचवायला फक्त पुढची जोडी बदलायचा मोह होतो, कारण झिजतात पुढचेच. पकड वाढवायच्या नादात ही सगळ्यात धोक्याची काटकसर. पुढे चिकट आणि मागे जुने कडक टायर असले की गाडी वळणात झकास शिरते आणि ओल्यात अचानक मागचा भाग बाहेर पडतो. सरळ जाऊ पाहणारी गाडी ॲक्सिलरेटर सोडून सावरता येते. मागून सुटलेली गाडी सावरायला सराव लागतो, आणि तो बहुतेकांना नसतो. म्हणून दोनच घ्यायचे झाले तर नवे मागे, असं टायर कंपन्याही सांगतात. पण पकडीसाठी बदलताय तर चारही घ्या, एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे. साइडवॉलवरचे चार आकडे बघा: २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला मऊ टायर मऊ राहत नाही.

त्याच दिवशी अलाइनमेंट करून घ्या. थोडा जरी टो, म्हणजे चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, चुकलेला असला तरी मऊ रबर काही हजार किलोमीटरमध्ये एका कडेने खाल्लं जातं. टायर एकूणच लवकर झिजणार, थोडा आवाज करणार, इंधनही किंचित जास्त लागणार, हे धरून चाला. मूळ टायर दुप्पट टिकला होता, ही तक्रार मग करायची नाही.

पहिले दोन-तीनशे किलोमीटर सबुरीने घ्या. साच्यातून सुटावा म्हणून लावलेल्या पदार्थाचा थर नव्या रबरावर असतो, तो घासला जाईपर्यंत खरी पकड कळत नाही, आणि ओल्यात तर अजिबात भरवसा नको. अलॉय नवे असतील तर नट किंवा बोल्ट त्या चाकाच्या खाचेला जुळणारे आहेत ना, निमुळते की गोल बुडाचे, ते बसवतानाच बघा. शंभरेक किलोमीटर झाल्यावर टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने, ते पुन्हा एकदा तपासून घ्या. हाताला घट्ट लागतात म्हणून सोडून देऊ नका.